निरोगी कुत्र्याचा ईसीजी वाचताना

कुत्र्याचा ईसीजी म्हणजे त्याच्या हृदयाच्या स्नायूंतून फिरणाऱ्या विजेची कातडीवरून टिपलेली नोंद. ठोका सुरू होतो तो उजव्या अलिंदातल्या सायनस नोडपासून. तिथून निघालेला विद्युतसंदेश वरच्या दोन कप्प्यांत पसरतो तेव्हा कागदावर पी लाट उमटते. मग तो अलिंद आणि निलय यांच्या मधल्या गाठीत क्षणभर रेंगाळतो आणि रेघ सपाट राहते. पुढे खालच्या कप्प्यांच्या जाड भिंतींत तो वेगाने शिरतो, तेव्हा क्यूआरएसचा टोकदार सुळका उठतो. निलय मूळ स्थितीला परतताना टी लाट दिसते. या लाटांची उंची मिलिव्होल्टमध्ये आणि रुंदी सेकंदांत मोजायची, मग ती माहिती छापील तक्त्याशी ताडून पाहायची, ही वाचनाची रूढ रीत आहे. मोजणे सोपे आहे. मोजलेल्याचा अर्थ लावणे कठीण. कुत्रा निरोगी असेल तेव्हा तर ते आणखी कठीण होते. आजारी कुत्र्याची धाप, खोकला, बेशुद्ध पडणे ही लक्षणे वाचणाऱ्याला वाट दाखवतात. निरोगी कुत्र्याच्या बाबतीत हाताशी निव्वळ आकडा असतो, आणि एकट्या आकड्यावर कुत्र्याला हृदयरोगी ठरवण्याची चूक सहज घडते.

तक्त्यातले आकडे बहुतांशी अमेरिकन पशुवैद्य लॅरी टिली यांच्या पाठ्यपुस्तकामुळे रूढ झाले आहेत. प्रौढ कुत्र्याचे ठोके मिनिटाला ७० ते १६०. अतिभव्य जातींत ६० ते १४०, अगदी छोट्या जातींत १८० पर्यंत आणि पिल्लांत २२० पर्यंत. पी लाटेची रुंदी ०.०४ सेकंदापर्यंत, उंची ०.४ मिलिव्होल्टपर्यंत. पी लाटेच्या आरंभापासून क्यूआरएसच्या आरंभापर्यंतचे पीआर अंतर ०.०६ ते ०.१३ सेकंद. क्यूआरएसची रुंदी लहान जातींत ०.०५ आणि मोठ्या जातींत ०.०६ सेकंदापर्यंत. दुसऱ्या लीडमधल्या, म्हणजे उजवा पुढचा आणि डावा मागचा पाय यांच्यामधल्या नोंदीतल्या, आर लाटेची उंची लहान जातींत २.५ आणि मोठ्या जातींत ३.० मिलिव्होल्टपर्यंत. क्यूआरएसच्या आरंभापासून टी लाटेच्या शेवटापर्यंतचे क्यूटी अंतर ०.१५ ते ०.२५ सेकंद, आणि विद्युत अक्ष, म्हणजे निलयांतून पसरणाऱ्या विजेची सरासरी दिशा, अधिक ४० ते अधिक १०० अंशांच्या दरम्यान. माणसाच्या आकड्यांशेजारी हे मांडले की फरक लगेच ध्यानात येतो. माणसात पीआर अंतर ०.१२ ते ०.२० सेकंद असते. म्हणजे ०.१८ सेकंदाचे अंतर माणसात अगदी सरळ, तर कुत्र्यात संदेशवहन मंदावल्याची खूण. माणसांसाठी बनवलेल्या यंत्रावर कुत्र्याचा ईसीजी काढायला काहीच हरकत नाही. त्या यंत्राने कागदाच्या माथ्यावर आपोआप छापलेले निदान मात्र खोडून टाकावे, कारण ते माणसाच्या मापाने काढलेले असते.

या शास्त्राच्या आरंभीच एक कुत्रा उभा आहे. लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी १८८७ मध्ये माणसाच्या हृदयाची विद्युतनोंद कातडीवरून पहिल्यांदा घेतली. जिमी नावाचा त्यांचा बुलडॉग मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय बुडवून शांत उभा राही, आणि शरीराला कुठेही छेद न देता त्याच्या हृदयाची वीज टिपली जाई. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीच्या संमेलनात हे प्रात्यक्षिक झाल्यावर ब्रिटिश संसदेत प्राण्यांवरील क्रौर्याविषयी प्रश्न विचारला गेला, आणि पाण्यात मीठ घातलेले होते, एवढाच तो प्रकार होता, असा खुलासा गृहमंत्र्यांना करावा लागला. नेदरलँड्समधल्या लायडनचे विलेम आइन्थोवेन यांनी पी, क्यू, आर, एस, टी ही अक्षरे दिली, तारेचा गॅल्व्हानोमीटर घडवला आणि १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. जिमीच्या उदाहरणातून वाचनाच्या दृष्टीने एक गोष्ट घेण्यासारखी आहे. उभ्या, शांत, सवयीच्या कुत्र्याची ती नोंद होती. आज प्रमाण मानली जाणारी स्थिती वेगळी आहे, आणि आकड्यांवर तिचा परिणाम होतो.

ही प्रमाण स्थिती म्हणजे कुत्रा उजव्या कुशीवर आडवा, चारही पाय शरीराशी साधारण काटकोनात, पुढच्या पायांचे चिमटे कोपराजवळ आणि मागच्या पायांचे गुडघ्याजवळ. कातडी आणि चिमटा यांच्यामध्ये स्पिरिट किंवा जेल. तक्त्यातल्या मर्यादा याच स्थितीतल्या नोंदींवरून ठरवल्या आहेत. कुत्रा उभा राहिला, बसला किंवा डाव्या कुशीवर वळला की छातीतल्या हृदयाची बैठक बदलते आणि लाटांची उंची व अक्ष दोन्ही सरकतात. ठोक्यांचा क्रम आणि वेळेची अंतरे यांना मात्र फारशी बाधा येत नाही. म्हणून घाबरलेल्या किंवा धापणाऱ्या कुत्र्याला जबरदस्तीने आडवे पाडू नये. उभ्याने घेतलेली नोंद लयीसाठी निर्धास्त वाचावी आणि उंचीबद्दल काही बोलू नये. यंत्रातल्या गाळण्यांचाही विचार करायला हवा. कुत्र्याचा क्यूआरएस इतका अरुंद असतो की थरथर कमी करणारी गाळणी त्याचे टोकही छाटते, आणि आर लाट प्रत्यक्षात असते त्याहून बुटकी दिसते.

मापनाच्या सूक्ष्मतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. कुत्र्याचा ईसीजी सहसा सेकंदाला ५० मिलिमीटर वेगाने काढतात. तेव्हा कागदावरचा एक मिलिमीटर म्हणजे ०.०२ सेकंद. लहान जातीचा क्यूआरएस ०.०५ सेकंदांचा असेल तर निरोगी, ०.०६ चा असेल तर संशयास्पद. या दोन निकालांमधले अंतर कागदावर अर्धा मिलिमीटर भरते. पी लाटेची ०.०४ सेकंदाची मर्यादा म्हणजे दोन चौकोन, आणि त्या लाटेची सुरुवात नेमकी कुठे धरायची यावर दोन अनुभवी वाचकांचे मत अर्ध्या चौकोनाने सहज वेगळे पडते. शाईच्या रेघेलाही जाडी असते. एवढ्याशा फरकावर डाव्या अलिंदाचा आकार वाढल्याचे निदान लिहिणे म्हणजे मोजपट्टीला तिच्या कुवतीबाहेरचे काम देणे. संगणकावर नोंद मोठी करून मोजता येते, त्याने रेघेची जाडी हरते. पण लाट कुठे सुरू झाली हा निर्णय तिथेही कोणीतरी घ्यावाच लागतो.

ठोक्यांच्या वेगाबद्दल एक समज फार रुजला आहे: कुत्रा जितका छोटा तितके ठोके जलद. वरच्या मर्यादाही त्याच समजाच्या आधाराने आखल्या आहेत. वेगवेगळ्या प्राणिजातींची तुलना केली तर ते खरेच आहे. उंदराचे हृदय हत्तीच्या हृदयाहून कितीतरी पट वेगाने धावते. परंतु एकाच प्राणिजातीच्या आत हा नियम तसाच लागू होत नाही. दवाखान्यात आलेल्या कुत्र्यांच्या नोंदींवर आधारित, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वजन आणि ठोके यांचा संबंधच आढळला नाही. तपासणीच्या टेबलावर ठोके ठरवते ती मुख्यतः भीती. घरी झोपलेल्या ज्या कुत्र्याचे ठोके मिनिटाला ४० असतात, त्याच कुत्र्याचे अनोळखी वासाच्या खोलीत १५० भरतात आणि दारावरची घंटा वाजताच २०० च्या पुढे जातात. या तीनही आकड्यांत आजार नाही.

ठोके मोजायचे कसे, यातही फसगत होते. निरोगी कुत्र्याची लय घड्याळासारखी एकसारखी चालत नाही. श्वास आत घेताना ठोके जवळजवळ पडतात, सोडताना लांबतात. एका श्वासाच्या आत दोन ठोक्यांमधले अंतर ०.४ सेकंदांपासून १ सेकंदापर्यंत बदलू शकते. पहिल्या अंतरावरून हिशेब केला तर मिनिटाला १५० ठोके येतात, दुसऱ्यावरून ६०. म्हणून एका अंतरावरून वेग काढणे कुत्र्याच्या बाबतीत चुकीचेच. ५० मिलिमीटरच्या वेगावर १५ सेंटिमीटर म्हणजे ३ सेकंद. तेवढ्या पट्टीतले ठोके मोजून २० ने गुणावेत, आणि लय फार हेलकावत असेल तर याहून लांब पट्टी घ्यावी.

या हेलकाव्याला श्वसनजन्य सायनस अनियमितता म्हणतात. निरोगी कुत्र्याच्या ईसीजीत सर्वांत जास्त गैरसमज याच गोष्टीने होतात. हृदयाचा लगाम व्हेगस चेतेच्या हाती असतो. श्वासाबरोबर ती चेता लगाम ढिला सोडते आणि पुन्हा ओढते. लगाम ओढला गेला की सायनस नोडमधली ठोक्याची उगमजागाही किंचित सरकते, त्यामुळे पी लाटेची उंची बदलते: जलद ठोक्यांत उंच, संथ ठोक्यांत बुटकी, क्वचित जवळपास सपाट. अननुभवी वाचकाला ही वेगवेगळ्या जागी उगम पावणारी ठोक्यांची बेबंदशाही वाटते. पगसारख्या चपट्या नाकाच्या जातींत हे हेलकावे आणखी ठळक असतात, कारण त्यांच्या अरुंद श्वसनमार्गामुळे व्हेगसवरचा ताण वाढतो. गाढ झोपेत निरोगी कुत्र्याचे हृदय कित्येक सेकंद थांबून पुन्हा चालू लागते. माणसाच्या नोंदीत असे विराम दिसले तर डॉक्टर पेसमेकरचा विचार करतील. कुत्र्यात ते शांत झोपेचे चिन्ह असते.

हृदय निकामी होऊ लागले की शरीर सिंपथेटिक चेतांचा जोर वाढवते, व्हेगसचा लगाम सुटतो आणि श्वासाबरोबरचे हेलकावे नाहीसे होतात. खोकणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या नोंदीत ठळक अनियमितता दिसली तर खोकला हृदयाच्या निकामीपणामुळे असण्याची शक्यता घटते. तो श्वासनलिकेचा असू शकतो. उलट जलद आणि काटेकोर एकसारखी लय दिसली तर संशय वाढतो. ‘नियमित’ या शब्दाला रोजच्या बोलण्यात निरोगीपणाचा वास आहे. कुत्र्याचा ईसीजी वाचताना हा शब्द जरा दूर ठेवावा लागतो.

लाटांच्या उंचीकडे वळले की जातीचा आणि अंगकाठीचा प्रश्न पुढे येतो. कातडीपर्यंत किती व्होल्ट पोचतात हे हृदयाच्या आकाराइतकेच मधल्या थरावर अवलंबून असते. चरबी, हवेने भरलेली फुप्फुसे, छातीची रुंदी या साऱ्यांमुळे वीज वाटेत क्षीण होते. लठ्ठ लॅब्राडॉरची आर लाट बुटकी दिसते. अरुंद, खोल छातीच्या सडसडीत तरुण कुत्र्याची आर लाट निरोगीपणीही ३ मिलिव्होल्टला टेकते आणि क्यू लाट खोल जाते. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या जातींचे हृदयही शरीराच्या मानाने मोठे असते, त्यामुळे तिथे ही मर्यादा सहज ओलांडली जाते. लातूर भागात पाळले जाणारे कारवान आणि कर्नाटकातले मुधोळ हाउंड हे याच बांध्याचे कुत्रे आहेत. त्यांच्यातल्या उंच आर लाटेवर डाव्या निलयाच्या वाढीचा शिक्का मारण्यापूर्वी त्याच बांध्याच्या निरोगी कुत्र्यांच्या नोंदी शेजारी ठेवायला हव्यात. पिल्लांचे गणित आणखी निराळे. गर्भात उजव्या निलयावर बरेच काम असते, त्यामुळे नवजात पिल्लाचा विद्युत अक्ष उजवीकडे कललेला असतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो डावीकडे येतो.

तरीही कुत्र्यात लाटेची उंची आणि हृदयाचा आकार यांचा काही संबंध निदान उरतो तरी. घोडा, गाय, शेळी यांच्यात तोही उरत नाही. कुत्र्यात आणि माणसात विद्युतसंदेश वाहणारे पुरकिंजे तंतू निलयाच्या आतल्या अस्तरापाशीच पसरतात. तिथून वीज भिंतीच्या जाडीतून आतून बाहेर सरकते, आणि भिंत जाड झाली की त्या प्रवासाचा ठसा कागदावर मोठा उमटतो. खूर असलेल्या प्राण्यांत हेच तंतू भिंतीच्या आरपार शिरलेले असतात. बहुतेक स्नायू जवळपास एकाच वेळी उत्तेजित होतात, विरुद्ध दिशांच्या विजा एकमेकींना खोडून काढतात आणि भिंत कितीही जाड झाली तरी ईसीजीवर त्याचा पत्ता लागत नाही. शरीररचनेने कुत्र्याच्या ईसीजीला हा मर्यादित अधिकार दिला आहे. त्याच्या पलीकडे, कप्प्यांचे खरे आकारमान जाणून घ्यायचे तर हृदयाची सोनोग्राफी करावी. निरोगी ईसीजी असलेल्या कुत्र्याच्या झडपेतून रक्त गळत असू शकते, आणि मर्यादेबाहेरचा ईसीजी असलेल्याचे हृदय सोनोग्राफीत निर्दोष निघू शकते.

आता तक्त्याकडे पुन्हा पाहावे. संदर्भमर्यादा म्हणजे काय, हे न समजल्यामुळे होणारा घोटाळा मापनाच्या चुकीहून मोठा आहे. पद्धत अशी: निरोगी प्राण्यांचा एक गट घ्यायचा, शक्यतो १२० तरी, प्रत्येकाचे माप घ्यायचे, आणि दोन्ही टोकांचे अडीच-अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के ज्यात बसतील तेवढी पट्टी ‘सामान्य’ म्हणायची. म्हणजे १०० निरोगी कुत्र्यांतले ५ या व्याख्येनुसारच पट्टीबाहेर राहतात. त्यांचा आजाराशी संबंध नाही. पट्टी आखताना ते बाहेर ठेवले गेले, इतकेच. आता एका ईसीजीवर एक नव्हे, दहा मापे घेतली जातात असे धरू. ती एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर दहाही पट्टीत बसण्याची शक्यता ०.९५ चा दहावा घात, म्हणजे सुमारे ६० टक्के. उरलेल्या ४० टक्के निरोगी कुत्र्यांत निदान एक तरी आकडा ‘असामान्य’ निघणार. प्रत्यक्षात ही मापे एकमेकांत गुंतलेली असतात आणि काही मर्यादा एकाच बाजूच्या असतात, त्यामुळे टक्का याहून कमी येतो. पण तो पाचाच्या बराच वर राहतो. शस्त्रक्रियेआधी काढलेल्या नेहमीच्या ईसीजीत एखादे माप रेषेबाहेर दिसले आणि कुत्र्याच्या मालकाला हृदयरोगाची भीती घातली गेली, तर पुष्कळदा दोष कुत्र्याच्या हृदयात नसून या हिशेबात असतो.

यात रोगाचे प्रमाणही मिसळावे लागते. समजा, वरवर निरोगी दिसणाऱ्या १०० तरुण कुत्र्यांत खरा हृदयरोगी एकच आहे. पट्टी ९५ टक्क्यांची असेल तर ९९ निरोग्यांपैकी सुमारे ५ जण एकाच मापावरून संशयित ठरतील, आणि तो एक रोगी सापडला तरी सहा संशयितांपैकी पाच जण निर्दोष असतील. तोच आकडा धाप लागलेल्या, हृदयात मर्मर ऐकू येणाऱ्या कुत्र्यात दिसला तर त्याचे वजन वेगळे होते. या बाबतीत लवचीक राहणे हा ढिलेपणा नव्हे. गणितच तशी मागणी करते.

टी लाटेबद्दल थोडक्यात सांगता येते. निरोगी कुत्र्यात ती वर, खाली किंवा दोन्हीकडे असू शकते, आणि सहसा आर लाटेच्या चौथ्या हिश्शाहून मोठी नसते. एकट्या नोंदीवरून तिच्या दिशेचा काही अर्थ काढू नये. पूर्वी वर असलेली लाट नव्या नोंदीत खाली गेली किंवा उंच, टोकदार झाली, तर मात्र रक्तातले पोटॅशियम तपासण्याइतका तो बदल महत्त्वाचा ठरतो.

क्यूटी अंतराचे महत्त्व दवाखान्यापेक्षा औषधांच्या प्रयोगशाळेत अधिक आहे. टर्फेनाडीन आणि सिसाप्राइड ही औषधे माणसांत क्यूटी लांबवून जीवघेणी लय निर्माण करतात असे दिसल्यावर ती अनेक देशांत बाजारातून काढली गेली. त्यानंतर नव्या औषधांची ही परीक्षा माणसाला देण्याआधी प्राण्यांवर करण्याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे २००५ मध्ये आली, आणि तिथे बहुधा निरोगी बीगल कुत्राच वापरला जातो. ठोके वाढले की क्यूटी आपोआप आखूड होते, म्हणून तुलनेपूर्वी सुधारणा करावी लागते. माणसांसाठी १९२० पासून वापरात असलेले बॅझेटचे सूत्र क्यूटीला ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागते. कुत्र्याला ते लावले की काय होते, हे एका काल्पनिक उदाहरणात पाहता येते. शांत असताना ठोके १००, क्यूटी ०.२१ सेकंद; बॅझेटने सुधारलेले ०.२७. तोच कुत्रा बावरला, ठोके १५०, क्यूटी ०.२०, बॅझेटने ०.३२. औषध दिलेलेच नाही, तरी क्यूटी सुमारे ४५ मिलिसेकंद लांबल्याचे कागद सांगतो. कुत्र्यांच्याच नोंदींवरून १९८९ मध्ये मांडलेल्या व्हॅन द वॉटर सूत्राने हेच दोन आकडे ०.२४५ आणि ०.२५२ येतात, फरक ७ मिलिसेकंदांचा. माणसाचे सूत्र कुत्र्यावर लादल्याची किंमत अशी एखाद्या चांगल्या औषधाला मोजावी लागू शकते.

काही निरोगी दिसणाऱ्या कुत्र्यांत मात्र आकड्याला कडक वागणूक द्यावीच लागते. डोबरमन जातीत हृदयस्नायूचा आजार वर्षानुवर्षे लपून राहतो आणि पहिले लक्षण म्हणून अचानक मृत्यूही येतो. निलयातून अवेळी उठणारे रुंद, विचित्र आकाराचे ठोके ही त्याची आरंभीची खूण. युरोपीय पशुहृदयतज्ज्ञांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या जातीत वयाच्या तिसऱ्या वर्षापासून दरवर्षी २४ तासांची होल्टर नोंद घ्यावी. तीत ३०० हून अधिक अवेळी ठोके आढळले, किंवा वर्षभरातल्या दोन नोंदींत प्रत्येकी ५० ते ३०० आढळले, तर छुपा आजार धरून चालावे. पाच मिनिटांच्या साध्या ईसीजीत असा एकही ठोका दिसला तरी होल्टर लावावा. तो दिसला नाही म्हणून डोबरमनला निर्धोक म्हणता येत नाही. दिवसभरात शंभर अवेळी ठोके असले तरी पाच मिनिटांच्या वाट्याला सरासरी निम्माही ठोका येत नाही. बॉक्सर जातीतही दिवसाला शंभरच्या पुढचे असे ठोके संशयाला पुरेसे मानतात. इथे मर्यादेमागे जातीचा माहीत असलेला धोका आणि अनेक वर्षे पाठपुरावा केलेले कुत्रे उभे आहेत, म्हणून तिला वजन आहे.

बाकी कुत्र्यांसाठी सर्वांत विश्वासार्ह संदर्भ म्हणजे त्याच कुत्र्याची जुनी नोंद. पीआर अंतर ०.१३ सेकंद हे तक्त्याच्या आत बसते. पण दोन वर्षांपूर्वी तेच अंतर ०.०८ असेल, तर हा बदल तक्ता दाखवणार नाही, जुना कागद दाखवील. तो कागद उपयोगी पडायचा तर त्यावर वय, वजन, जात, कुत्रा आडवा होता की उभा, कागदाचा वेग, एका मिलिव्होल्टला किती मिलिमीटर, गाळणी चालू होती की बंद आणि कुत्रा धापत होता का, एवढे लिहिलेले हवे. गुंगीचे औषध दिले असेल तर त्याचे नाव आणि मात्राही हवी: झायलाझीन किंवा मेडेटोमिडीन दिलेल्या निरोगी कुत्र्याचे ठोके निम्म्यावर येऊ शकतात आणि अधूनमधून पी लाटेमागे क्यूआरएस उमटतच नाही. ही नोंद नसलेला कागद पुढच्या वाचकाला हृदयातल्या अडथळ्याचा पुरावा वाटेल.